दीड बाय दोन

म्हापशाला, बाजारामागच्या गल्लीत
माझं वेल्डिंगचं दुकान.
गेटं करतो, खिडक्यांचे गज,
चवथीच्या आधी माटोळीच्या चौकटी.
आणि रोहिदासच्या पेट शॉपातले पिंजरे,
ते मीच केले.
बावीस.

मापं त्याने फोनवर सांगितली:
दीड बाय दोन, उंची सव्वा फूट,
तळाला पत्रा नको, जाळी घाल,
घाण खाली पडते, धुवायची कटकट नाही.
मी म्हटलं, बरं.
धंद्यात 'बरं' फार स्वस्त पडतं.

तेविसावा पोचवायला गेलो तेव्हा मे महिना होता.
एक ते चार अख्खं म्हापसं झोपतं.
कामाच्या पोराने शटर गुडघ्याएवढं उचललं,
मी वाकून आत.
पंखा बंद. जेवायला जाताना मालक
मेन स्विच पाडून जातो, पोर म्हणाला.
आधी वास आला,
मग अंधारात एकेक डोळा.
टाकीतला पंप थांबलेला,
मासे तोंडं वर करून पाण्याच्या कडेला लागलेले.

चौथ्या पिंजऱ्यात एक पिल्लू.
चारही पाय जाळीतून खाली गेलेले.
माझ्या जाळीतून.
अर्ध्या इंची त्या दिवशी संपली होती
म्हणून मी एक इंची लावली,
कोण बघतंय.
एका कोपऱ्यात वेल्डचं टोक राहिलेलं,
ग्राइंडर मारायचा कंटाळा केला होता.
तिथे पिवळट केसांचा झुबका
आणि वाळलेलं काहीतरी.

तेविसावा टेंपोतून उतरवलाच नाही.

खात्याच्या ऑफिसात बाईने अर्ज पुढे सरकवला.
नाव: गुरुदास च्यारी.
दुकानाशी संबंध: पिंजरे मी केले.
तिने चष्मा वर केला.
'मग तक्रार कुणाविरुद्ध?'
दोघांच्या, मी म्हटलं, लिही गे बाय.
तसा रकाना नव्हता.
मग फाल्यां येयात, मग साहेब पणजीला गेलेत,
मग शिक्का सापडेना.
चार खेपा. पाचव्या खेपेला मी टेप घेऊन गेलो
आणि तिच्या टेबलावर
दीड बाय दोन खडूने आखून दाखवलं.
बाई बराच वेळ त्या चौकोनाकडे बघत राहिली.
तिची पर्सही त्यात धड मावत नव्हती.

बातमी गल्लीत माझ्या आधी पोचली.
रोहिदास दुकानात आला, बसला नाही.
'खाल्ल्या घरचे वासे मोजतोस, च्यारी?'
मी म्हटलं, वासे नाही, गज.
मोजलेत.

शुक्रवारी, भर बाजाराच्या दिवशी,
दुपारी दोनला डॉक्टर लविना कुलासो आल्या,
सोबत एक घामाघूम शिपाई.
मला पंच केलं.
लांबी मी सांगायची, त्या लिहायच्या.
लव्हबर्ड्स, एका पिंजऱ्यात एकोणीस.
पाण्याची वाटी: आहे. पाणी: नाही.
ससे, तीन.
मग त्यांनी हात आत घातला
आणि तीनवर काट मारून
दोन जिवंत, असं लिहिलं.
बाहेर चणेवाला ओरडत होता. आत कोणीच नाही.

पिल्लू काढून त्यांनी फरशीवर ठेवलं.
सपाट, थंड, लाल फरशी.
ते पडलं, उठलं,
आणि चालताना प्रत्येक पाऊल
उंच, फार उंच उचलून टाकू लागलं,
खाली जाळी असल्यासारखं.
शिपाई हसला. मग हसू गिळलं त्याने.

दुकान आता पुन्हा उघडलंय. फक्त मासे.
जाता-येता मी पंपाचा आवाज ऐकतो,
दुपारीसुद्धा.
रोहिदास तोंड फिरवतो. फिरवू दे.
दोन गेटांची ऑर्डर त्याच्या मेव्हण्याकडची होती, तीही गेली.

पिंजरे भंगारात निघाले, किलोने.
चौथा मी मागून आणला.
रात्री शटर ओढून
त्या कोपऱ्यावर ग्राइंडर मारला,
टोक जाईपर्यंत, मग बोट फिरवून पुन्हा,
आता आत कोणी नाही, तरी.